काट्यावरचं वजन आणि पायाखालची जमीन: मधुमेहात तोल का ढळतो?

‘एका पायावर दहा सेकंद उभे राहा. जमलं नाही तर सावध व्हा!’ हा मजकूर तुमच्याही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केव्हातरी येऊन गेला असेल. आमच्याकडे आला त्या संध्याकाळी अर्धं घर हॉलमध्ये बगळ्यासारखं उभं होतं. एके काळी लंगडीत सगळ्या गल्लीला दमवणाऱ्या माझ्या आत्याला तीन सेकंदही जमलं नाही. ती हसत सोफ्यावर बसली आणि म्हणाली, “वजन वाढलंय रे, दुसरं काय!” तिच्या मधुमेहाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

तिचं उत्तर अर्धं बरोबर होतं. राहिलेलं अर्धं जरा गुंतागुंतीचं आहे.

त्या मजकुरामागे एक खरा अभ्यास आहे. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो इथे ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांना एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं आणि पुढची सुमारे सात वर्षं त्यांची नोंद ठेवली. निष्कर्ष २०२२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आले. पाचातल्या एकाला हे जमलं नाही, आणि न जमलेल्यांत पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. बातम्यांनी तेवढंच उचललं. माझ्या मते महत्त्वाचा आकडा दुसराच होता. ज्यांना जमलं त्यांच्यात टाइप २ मधुमेह साधारण १३ टक्के लोकांना होता, ज्यांना जमलं नाही त्यांच्यात ३८ टक्क्यांना. लठ्ठपणाही न जमलेल्यांत जास्त होता. यावरून एका पायावर उभं न राहता आल्यामुळे माणूस मरतो असा अर्थ काढायचा नाही. पण साखर, वजन आणि तोल ही तीन माणसं एकाच घरात राहतात एवढं नक्की दिसतं.

भारतात मधुमेह असलेले प्रौढ सुमारे १० कोटी १० लाख आहेत, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळलं. त्याच पाहणीत पोटावर जादा चरबी असलेले प्रौढ ३९.५ टक्के निघाले. वजनामुळे साखर वाढते हे आता पानाच्या टपरीवरही ऐकायला मिळतं. तेच वजन मधुमेह झालेल्या माणसाला पाडू कसं शकतं, हे मात्र दवाखान्यातही फारसं कुणी सांगत नाही.

उभं राहणं हे काम आहे

लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. काठी कधीच स्थिर नसते. ती जरा कलली की हात त्या बाजूला सरकतो, पुन्हा कलते, पुन्हा सरकतो. बघणाऱ्याला वाटतं काठी उभी आहे. धरणाऱ्याला ठाऊक असतं की ती पडायचीच होती, आपण दर क्षणाला वाचवतो आहोत.

आपलं शरीर असंच उभं असतं. घोटा हा तळहात, आणि त्यावरचं सगळं शरीर ही काठी. शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं धरता येतं, त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. उभ्या माणसाचा हा बिंदू ओटीपोटाच्या पातळीवर, घोट्याच्या काही सेंटिमीटर पुढे असतो. म्हणजे आपण कायम किंचित पुढे झुकलेले असतो आणि पोटऱ्यांचे स्नायू आपल्याला मागून धरून ठेवतात. गुरुत्वमध्य दोन्ही पावलांनी व्यापलेल्या जागेच्या आत आहे तोवर ठीक. बाहेर गेला की एक पाऊल टाकायचं, कशाला तरी धरायचं किंवा पडायचं, एवढेच पर्याय उरतात.

आपण कलतो आहोत ही बातमी मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते. डोळे सांगतात, आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्या शेजारचे अवयव सांगतात, आणि पाय सांगतात. तळव्याच्या कुठल्या भागावर दाब वाढला, घोटा किती वाकला, पोटरी किती ताणली, हे पायांना न बघताही कळतं. याला आपण ‘पायांची जाण’ म्हणू. शांतपणे उभं असताना मेंदूची मोठी भिस्त याच जाणिवेवर असते. एक बातमीदार गप्प झाला तर बाकीचे दोघं सांभाळून घेतात. दोघं गप्प झाले की पंचाईत.

मधुमेह आधी पायांची बातमी अडवतो

बरीच वर्षं साखर जास्त राहिली की नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आणि खुद्द नसा खराब होत जातात. याला न्यूरोपॅथी म्हणतात. मधुमेह असलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा ती गाठते. सर्वांत लांब नसा सर्वांत आधी बिघडतात. कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंतची नस सुमारे मीटरभर लांब असते, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. (उंच माणसांना हा धोका थोडा जास्त असतो. उंचीचा एवढा एकच तोटा मला ठाऊक आहे.)

पुष्कळांच्या पायांना मुंग्या येतात, रात्री आग होते. पण तोलाच्या दृष्टीने मुंग्यांपेक्षा बधिरपणा वाईट, कारण तो जाणवतच नाही. मराठी माणूस त्याचं वर्णन फार नेमकं करतो: “पायाखाली गादी आहे असं वाटतं,” किंवा “चप्पल पायातून निसटून मागे राहिली, चार पावलं गेल्यावर कळलं.” हे दुसरं वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलंत तर विनोद म्हणून सोडून देऊ नका.

शिवाय मधुमेह एकाच बातमीदारावर थांबत नाही. डोळ्याच्या पडद्यावर त्याचा परिणाम होतो हे आपण ऐकलेलं असतं. कानाचं सहसा ऐकलेलं नसतं. अमेरिकेत २००१ ते २००४ दरम्यान चाळिशीपुढच्या पाच हजारांवर लोकांची तपासणी झाली. तीत मधुमेह असलेल्यांमध्ये आतल्या कानाशी संबंधित तोलाचा दोष असण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त निघाली.

एकोणिसाव्या शतकात मोरित्झ रोमबर्ग या जर्मन डॉक्टरांनी एक साधी गोष्ट टिपली. मज्जारज्जूच्या एका आजारात पायांची जाण गेलेले रुग्ण डोळे उघडे असताना नीट उभे राहत, आणि मिटायला सांगितले की डोलू लागत. आजही ही तपासणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अशा लोकांची आणखी एक खूण म्हणजे सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना झोक जाणं. आमची आत्या पहिल्यांदा पडली ती न्हाणीघरात, तोंडाला साबण लावून डोळे मिटले त्या क्षणी. घरातल्या सगळ्यांनी दोष फरशीला दिला.

आता वजनाचं गणित

जड माणूस हलक्या माणसापेक्षा वेगाने पडतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. सारख्या उंचीची दोन माणसं सारखीच कलली तर सारख्याच वेगाने खाली जातील. फरक पडतो तो सावरताना. कललेलं शरीर परत ओढायला लागणारा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो द्यायचा असतो त्याच पोटऱ्यांनी, त्याच घोट्यांनी.

वजन कुठे आहे यानेही फरक पडतो. मांड्या आणि नितंबांवरची चरबी खाली, मधोमध असते. पोटावरची चरबी पुढे असते. पोट सुटलं की गुरुत्वमध्य बोटांच्या दिशेने सरकतो, म्हणजे ज्या काठावरून तोल जातो त्या काठाच्या जवळ. समजायला एक ढोबळ हिशेब करू. साठ किलोच्या माणसाचा गुरुत्वमध्य घोट्याच्या चार सेंटिमीटर पुढे आहे असं धरा: ६० गुणिले ४, म्हणजे २४०. नव्वद किलोच्या, पोट सुटलेल्या माणसाचा तो पाच सेंटिमीटर पुढे धरा: ९० गुणिले ५, म्हणजे ४५०. वजन दीडपट झालं, पण पोटऱ्यांचं काम जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्षात शरीर यावर तोडगा काढतं. कंबर आत घेऊन छाती मागे टाकतं, पोट सुटलेली माणसं चालतात ना, तसं. तोडगा फुकट नसतो. त्याचं बिल कंबरदुखीच्या रूपाने येतं.

वजन आणि डोलणं यांचा संबंध थेट मोजलेला आहे. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये अगदी सडपातळ ते अतिलठ्ठ अशा ५९ पुरुषांना एका संवेदनशील पाटावर उभं केलं आणि शरीर किती वेगाने डोलतं ते नोंदवलं. माणसामाणसांतल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या वजनाने समजावता आला. त्याच गटाने वजन उतरवलेल्या पुरुषांना पुन्हा तपासलं, तर जितकं वजन उतरलं होतं तितकं डोलणं कमी झालेलं. हे अभ्यास मधुमेहावरचे नव्हते. वजन एकटंच काय करतं ते त्यांतून कळतं.

तळव्यांचाही भाग आहे. सतत जास्त दाब सोसणाऱ्या तळव्याला दाबातले बारीक फरक कमी कळतात. पाठीवर सतत जड पिशवी असली की हलकी थाप जाणवत नाही, तसं. आणि चरबी वाढणं हे नसांनाही मानवत नाही. साखर अजून मधुमेहाच्या हद्दीत गेलेली नसतानाही लठ्ठ लोकांत न्यूरोपॅथी जास्त सापडते.

दोन्ही एकत्र आले की बेरीज होत नाही, गुणाकार होतो

पुन्हा काठी तळहातावर घ्या. आता डोळ्यांसमोर काठीचं चित्र अर्ध्या सेकंदाने उशिरा दिसतंय अशी कल्पना करा. हात सरकेपर्यंत काठी बरीच कललेली असेल आणि मग एकदम मोठा झटका द्यावा लागेल. काठी हलकी असेल तर झटका जमेलही. तिच्या टोकाला भरलेला तांब्या बांधला असेल तर?

मधुमेहातल्या न्यूरोपॅथीने नेमकं हेच होतं. निरोगी पायात नसेतून संदेश सेकंदाला साधारण ४० ते ५० मीटर वेगाने धावतो. खराब नसेत तो मंदावतो. शिवाय शरीर किती कललं म्हणजे संदेश निघायचा ही मर्यादाच वाढून बसते, कारण लहानसहान बदल बधिर तळव्याला कळतच नाहीत. म्हणजे सावरायची वेळ येते तेव्हा शरीर आधीच जास्त कललेलं असतं, आणि ते ओढून आणायला जास्त जोर हवा असतो. वजन जेवढं अधिक, तेवढा हा उशीर महागात पडतो.

जोर द्यायचा कुणी? पायांच्या स्नायूंनी. तर वयस्क मधुमेहींत पायांची ताकद इतरांपेक्षा वेगाने घटते असं दिसून आलं आहे. पाय जाडजूड दिसत असले तरी आत स्नायूंच्या धाग्यांमध्ये चरबी शिरलेली असू शकते. ओझं वाढलेलं, हमाल थकलेला आणि वाट सांगणारा अर्धा बहिरा. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: मधुमेहात किलो मोजण्याइतकंच ते किलो उचलणारे आणि सांभाळणारे पाय मोजणं गरजेचं आहे.

यामुळेच लठ्ठ आणि न्यूरोपॅथी असलेली माणसं पाय फाकवून, छोटी पावलं टाकत, दोन्ही पाय जमिनीवर जास्त वेळ ठेवत चालतात. बघणाऱ्याला ती सुस्त वाटतात. खरं तर शरीराने स्वतःहून शोधलेली ती युक्ती असते.

“पण मी तर बारीक आहे”

हा आक्षेप आपल्याकडे हमखास येतो, आणि त्याचं उत्तर पुण्यातूनच मिळालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा बीएमआय हा आकडा दोघांचाही सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली भारतीय ठेवण आहे. पुणे परिसरातल्या खेड्यांमधल्या नवजात बाळांच्या अभ्यासातही तीच दिसली. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणलेल्या आहेत: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. तोलासाठी मात्र मला शिंप्याची टेप जास्त कामाची वाटते. बेंबीच्या पातळीला कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की पोट वाढलं असं समजायचं. पायजम्याचा नाडा पोटाच्या खाली सरकला आणि म्हणून तो पूर्वीच्याच मापाचा पुरतो, यावर समाधान मानणारे पुष्कळ काका माझ्या ओळखीचे आहेत.

दुसऱ्या टोकालाही धोका असतो. साखर ताब्यात नसल्याने किंवा खाणं तोडल्याने खंगलेला वयस्क मधुमेही काट्यावर हलका दिसतो, पण त्याच्या मांड्यांत उठायचंही बळ नसतं. अशा माणसाला ‘वजन छान उतरलंय हं’ असं म्हणणं म्हणजे चुकीच्या गोष्टीचं अभिनंदन.

“जाड माणसाला गादी असते, हाड मोडत नाही”

यात तथ्य आहे. खुब्यावर चरबीचा थर असलेल्यांचा खुबा पडल्यावर कमी मोडतो. पण घोट्याभोवती अशी गादी नसते. लठ्ठ स्त्रियांमध्ये घोट्याची मोडतोड उलट जास्त दिसते. आणि टाइप २ मधुमेहात एक विचित्र प्रकार असतो: हाडांची घनता तपासणीत चांगली, कधी सरासरीपेक्षा जास्त येते, तरीही हाड मोडायचा धोका जास्तच असतो. भिंत जाड आहे पण चुन्याचा दर्जा उतरला आहे, असं काहीसं. घनतेचा रिपोर्ट हातात धरून निर्धास्त होऊ नये.

“मग वजन उतरवलं की झालं ना?”

इथे जरा थांबू, कारण सध्या हाच बाजाराचा विषय आहे. टर्झेपाटाइडचं मौंजारो हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचं वेगोवी जून २०२५ मध्ये भारतात आलं, आणि लग्नाच्या पंगतीतही वजनाच्या इंजेक्शनवर गप्पा सुरू झाल्या.

वजन उतरण्याचा फायदा खरा आहे. अमेरिकेत ५,१४५ वजनदार मधुमेहींवर ‘लुक अहेड’ नावाची मोठी चाचणी झाली. आहार आणि व्यायामाचा कडक कार्यक्रम केलेल्या गटात चार वर्षांत चालण्या-फिरण्याची क्षमता गमावण्याचा धोका ४८ टक्क्यांनी कमी झाला. हृदयविकार टाळण्याच्या मूळ उद्देशात ही चाचणी अपयशी ठरली म्हणून २०१२ मध्ये कार्यक्रम थांबवला. पण पाय चालते राहिले ही त्यातली मोठी मिळकत. न्यूरोपॅथीची लक्षणंही त्या गटात कमी राहिली.

त्याच चाचणीत पुढे एक उलटी गोष्ट सापडली. वजन उतरवलेल्या गटात खुबा, ओटीपोटाचं हाड आणि दंडाचं खांद्याजवळचं हाड मोडण्याचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी जास्त निघाला. वजन घटतं तेव्हा फक्त चरबी जात नाही. ढोबळमानाने घटलेल्या वजनाचा चौथा हिस्सा चरबी सोडून बाकीचा असतो, आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा. हाडंही थोडी विरळ होतात. तिशीतल्या माणसाला हे परवडतं. पासष्टीच्या, आधीच पोटऱ्या सुकलेल्या मधुमेहीला परवडेलच असं नाही.

याचा अर्थ इंजेक्शन वाईट असा होत नाही. पण भूक मेली की माणूस आधी काय सोडतो? उसळ, डाळ, अंडी हे चावायचं अन्न. चहा-बिस्किटं चालूच राहतात. वजन उतरवताना प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम दोन्ही हवेत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती हे डॉक्टरांनाच विचारावं. वजन घटलं की रक्तदाबाच्या आणि साखरेच्या जुन्या गोळ्यांचा डोस जास्त ठरू शकतो, मग चक्कर येते. बारा किलो उतरवूनही जुन्या वजनाच्या काळातल्या गोळ्या चालू ठेवणारे लोक कमी नाहीत.

“चाला म्हणता, पण बधिर पायाने चाललं तर जखम होईल”

पूर्वी डॉक्टरही असंच सांगत. आता मत बदललं आहे. जखम नसेल आणि पादत्राणं योग्य असतील तर न्यूरोपॅथी असतानाही मध्यम चालण्याने व्रणांचा धोका वाढत नाही, असं अभ्यासांत दिसलं. मात्र अनवाणी नाही, घरातही नाही. अंगठ्याने धरून ठेवायची सपाट स्लिपर बधिर पायाला धोक्याचीच, कारण धरायचं काम ज्या बोटांनी करायचं त्यांनाच काही कळत नसतं. टाचेमागे पट्टा असलेली, मऊ तळाची एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल किंवा बूट घ्यावेत, आणि घालण्याआधी आत हात घालून बघावं. बधिर तळव्याला आतला खडा कळत नाही, हाताला कळतो.

नुसतं चालणं तोलासाठी पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तोलाचा आणि ताकदीचा वेगळा सराव हवा, अशी शिफारस वयस्क मधुमेहींसाठी आहे. त्याला जिम लागत नाही. स्वयंपाकघरातला ओटा उत्तम, कारण तो पोटाच्या उंचीला असतो आणि हलत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला दोन्ही हात टेकून चवड्यांवर उठायचं, सावकाश खाली यायचं. काही आठवड्यांनी एक हात, मग दोन बोटं. मग ओट्याला धरूनच एक पाय उचलायचा. हात न लावता खुर्चीतून उठणं-बसणं हा मांड्यांचा सगळ्यांत स्वस्त व्यायाम. ताडासन आणि वृक्षासनही चालतील, पण भिंतीजवळ आणि डोळे उघडे ठेवून. डोळे मिटून प्रयोग करायची हौस एकटं असताना करू नये.

वजन आणि नसा यांच्या पलीकडची कारणं

पडण्याचं खापर पायांवर फोडण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण त्यांपैकी काही पूर्ण बऱ्या होतात.

मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसात ते मुळातच कमी असण्याची शक्यता असते. बी१२च्या कमतरतेनेही पाय बधिर होतात आणि तोल जातो, हुबेहूब मधुमेहासारखा. एक रक्ततपासणी आणि स्वस्त उपचार. तरीही ‘शुगरमुळे होतंय’ म्हणून हे कितीकदा तसंच राहून जातं.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर आणि झोक जाणं होतं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांत हे जास्त. वयस्क माणसाची साखर अगदी काटेकोर ठेवण्याचा हट्ट त्याला पाडू शकतो.

पलंगावरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर उभं राहून तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजायला सांगावं. वरचा आकडा २० ने घसरत असेल तर ते चक्करचं कारण असतं. पायांच्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसाही बिघडल्याची ती खूण असू शकते.

आणि रात्र. साखर जास्त असली की रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. अंधारात डोळे बाद, झोपेत मेंदू मंद, पाय बधिर, आणि मोरीची शहाबादी फरशी ओली. माझ्या मते वजन दहा किलो उतरायची वाट बघण्याआधी पन्नास-शंभर रुपयांचा नाइट लॅम्प लावणं आणि न्हाणीघरात भिंतीला दांडा ठोकून घेणं याला पहिला क्रमांक द्यावा. आत्याच्या न्हाणीघरात आता प्लॅस्टिकचं रुंद स्टूल आहे. केस धुताना ती डोळे मिटते, पण बसून.

पुढच्या वेळी दवाखान्यात

तोलाची तपासणी महागडी नसते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं मानतात. पायांची जाण तपासायला नायलॉनचा एक धागा असतो, तळव्यावर टेकवला की १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का ते बघतात. काही ठिकाणी त्याऐवजी बायोथेसिओमीटर नावाचं यंत्र असतं. सगळं मिळून दहा मिनिटं. वर्षातून एकदा हे व्हायला हवं.

आत्याच्या बाबतीत चौदा वर्षांत ते एकदाही झालं नव्हतं. दर वेळी रिपोर्टची फाइल बघितली जायची, वजन लिहिलं जायचं, गोळ्या बदलायच्या. पाय टेबलाखालीच राहायचे. आता ती आत गेली की खुर्चीत बसण्याआधी चपला आणि मोजे काढून ठेवते. कुणी सांगितलं नसलं तरी.